माझी फरशी लेव्हलमध्येच आहे

३ मार्च, सकाळी

ही वही प्रशिक्षणात फुकट मिळाली. मृदसंधारणाच्या मॅडम म्हणाल्या, यात रोजचा पाऊस लिहीत जा काका. पाऊस येणार जूनमध्ये. तोवर काय कोरी ठेवायची? तेव्हा मी माझ्याबद्दल लिहिणार. वाचायला कुणाला देणार नाही. हिला तर नाहीच.

आणि काका कशाला? मी पन्नाशीचाच आहे.

३ मार्च, दुपारी

संकल्प: यंदाच्या सुगीला कणगी बाराव्या रेघेपर्यंत भरायची.

कणगी म्हणजे आमची धान्याची, मधल्या खोलीच्या कोपऱ्यात असते ती. हिने आतून कोळशाने बारा रेघा मारल्यात, महिन्याला एक. धान्य ज्या रेघेवर, तितके महिने घर खाणार. गेली तीन वर्षं आम्ही दहावीच्या वर गेलेलो नाही. म्हणजे सुगीच्या आधीचे दोन महिने धाकट्याकडून टोपली येते. धाकटा म्हणजे माझा सख्खा भाऊ. घर भिंतीला भिंत, शेत माझ्या शेताला लागून पूर्वेला. त्याची बायको टोपलीवर फडकं टाकून आणते. फडकं टाकलं म्हणून काय, आत काय आहे ते सगळ्या गल्लीला ठाऊक असतं.

आज हिला शब्द दिला. यंदा टोपली नाही. ही म्हणाली, बरं. नुसतं बरं. उत्साह म्हणून काही प्रकारच नाही.

५ मार्च

ए फ्रेम तयार. दोन लाकडी पाय, मध्ये आडवी पट्टी, वरून दोरीला दगड लटकवलेला. दोरी पट्टीवरच्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका लेव्हलला. अशा लेव्हल जागा जोडत गेलं की शेतात ओळ पडते, त्या ओळीवर चर खणायचा, मातीचा बांध घालायचा. पाणी चरात उभं राहतं आणि मुरतं. पळत नाही. माती पण पळत नाही. एकदम सोपं. लोक उगाच त्याचं टेक्निकल करतात.

खूण करायची मॅडमची पद्धत लांबलचक आहे. फ्रेम उभी करा, दोरी कुठे येते ते बघा, मग पायांची अदलाबदल करा, परत बघा, दोन्हींच्या मधोमध खूण करा. हे ज्यांच्या घरात सपाट जागा नाही त्यांच्यासाठी झालं. माझ्याकडे मधल्या खोलीची फरशी आहे. मी स्वतः बसवलेली. गवंड्याला हात लावू दिला नव्हता. फ्रेम फरशीवर ठेवली, दोरी थांबली, खूण केली. दोन मिनिटं.

ही दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, शाळेच्या पटांगणात नेऊन एकदा बघा ना. मी कारण विचारलं. तर काही नाही म्हणाली आणि कणगीकडे बघत राहिली. कणगीखाली एका बाजूने हिने लाकडाचा टेकू सरकवलेला आहे. सात वर्षं. कशालाही टेकू द्यायची सवय.

फरशीबद्दल ती पूर्वी एकदा बोलली होती. तेव्हा मी बावीस दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. विषय संपला होता.

६ मार्च

फ्रेमचा एक पाय लाल रंगवला. हा पाय कायम पुढे.

मॅडमनी सांगितलं होतं की फ्रेम कंपाससारखी फिरवत न्यायची. एक पाय रोवून ठेवायचा, दुसरा फिरवून पुढे टाकायचा, म्हणजे पाय आळीपाळीने पुढे येतात. मी करून बघितलं. माणूस शेतात गरगरतोय असं दिसतं. रस्त्यावरून लोक जातात. म्हणून मी फ्रेम उचलतो आणि जशीच्या तशी पुढे ठेवतो, लाल पाय पूर्वेकडे. वेळ निम्मा. हे मॅडमना सुचलं नाही.

पश्चिमेच्या कडेपासून धाकट्याच्या हद्दीपर्यंत फ्रेमची साठ पावलं. पाच ओळी आखल्या. सुरेख.

९ मार्च

धाकटा आला होता. ओळींकडे डोकं वाकडं करून बघितलं. म्हणाला, दादा, फ्रेमचे पाय एकदा बदलून बघ, ओळ जरा उतरल्यासारखी दिसतेय. मी म्हटलं, तुझी नजर उतरलीय. तो हसला. लहानपणापासून असाच हसतो.

मनात खुपतंय त्याला. साहजिक आहे.

१९ मार्च

खोदकाम चालू. जमीन दगडासारखी. माझी पाठ गेली. आता मी वर उभा राहून सूचना देतो. हेही कामच आहे.

२ एप्रिल

पाचही बांध पूर्ण. साडेतीन हिने घातले, पण डोकं माझं.

मॅडम सांगत होत्या की हद्दीजवळ चराचं तोंड मातीने बंद करा. विचार केला. पाणी लेव्हलला उभं राहणार. जे उभं आहे ते जाणार कुठे? मग तोंड बंद करायची मेहनत कशाला? तशीच सोडली. पाठीचा पण विचार करावा लागतो.

२० मे

घरात वाद. हिला तिच्या आईकडची तांबडी ज्वारी पेरायची होती. मूठ मूठ करत डब्यात जपून ठेवलीय, राखेत घोळून. फक्त एक पट्टा द्या म्हणाली, हद्दीकडचा. मी नाही म्हटलं. यंदा शेत शास्त्रीय आहे. सगळीकडे सुधारित पांढरी. तिने डब्याचं झाकण लावलं आणि डबा परत फळीवर ठेवला.

वाद मी जिंकला. जेवताना मीठ कमी होतं.

११ जून, संध्याकाळी

पाऊस. चांगला दोन तास. डोक्यावर पोतं घेऊन शेताच्या वरच्या कोपऱ्यात उभा राहिलो. पाचही चर भरले. डोळ्यात पाणी आलं. उभं पाणी, माझं पाणी. थोडं हलत होतं, पण पाणी म्हटलं की हलणारच.

शिंका सुरू झाल्या म्हणून मी घरी आलो. ही थांबली. अंधार पडायला आला तेव्हा आली, गुडघ्यापर्यंत चिखल. चरात उतरली होती म्हणे. मी विचारलं, कसं काय. म्हणाली, पाणी चाललंय. मी म्हटलं, मुरतंय म्हण. तिने हातपाय धुतले आणि फळीवरून तो डबा काढून पुसत बसली. पाऊस पडल्यावर डबे पुसायची ही काय वेळ?

१४ जून

पेरणी झाली. ही आजकाल दुपारी धाकट्याकडे असते. दोघी जावांचं काहीतरी गुळपीठ चालू आहे. मी लक्ष देत नाही.

२ जुलै

आजचा पाऊस: नाही.

९ जुलै

नाही.

१७ जुलै

नाही. माझी ज्वारी पिवळी पडतेय. धाकट्याची नाही.

हे लिहून मी पेन खाली ठेवलं आणि परत जाऊन बघून आलो. नाही पडत त्याची पिवळी. हद्दीच्या अलीकडे माझी मान टाकलेली, पलीकडे त्याची छाती काढून उभी. एकच आभाळ, एकच ऊन. मधे एक हातभर रुंद हद्द.

१८ जुलै

रात्रभर नीट झोप नाही. यात काहीतरी आहे.

२१ जुलै

कळलं. पाऊस आला की माझ्या पाचही चरांतलं पाणी त्याच्या शेतात जातं. आज सकाळच्या सरीत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. जाताना माझी माती घेऊन जातं. त्याच्या शेताच्या कडेला माझ्या मातीचा काळा थर बसलाय, चांगला वीतभर. आणि त्याने काय केलंय, तर पाणी आत घ्यायला हद्दीवर पाच छोट्या वाटा करून दगड लावलेत, व्यवस्थित. पाचच. म्हणजे तयारी होती.

पाणी चोरलं. सख्ख्या भावाने. लहानपणी याला मी खांद्यावर बसवून शाळेत न्यायचो.

हिला सांगितलं. म्हणाली, पाणी त्याने बोलावलं होतं का? मी म्हटलं, तू कुणाच्या बाजूची? ती धान्य निवडत होती. निवडतच राहिली.

२२ जुलै

धाकट्याशी बोलणं बंद. त्याला अजून कळलेलं नाही. सकाळी राम राम दादा म्हणाला. मी उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून परत मोठ्याने म्हणाला.

१० ऑगस्ट

मधल्या खोलीत कणगीचा टेकू काढून फेकून दिला. घरात लेव्हलच्या माणसाचा असा रोज अपमान नको. कणगी दाराकडे जराशी झुकल्यासारखी वाटली. रिकामी होत आलीय, म्हणून.

११ ऑगस्ट

टेकू परत जागेवर. कुणी ठेवला ते विचारलं नाही.

२८ ऑगस्ट

आज कळस झाला. धाकट्याच्या शेतात हद्दीला लागून दोन लांब पट्टे, त्यात कणसं धरलीत. तांबडी. तांबडी ज्वारी या अख्ख्या गावात फक्त आमच्या फळीवरच्या डब्यात आहे. घरी येऊन डबा उघडला. रिकामा. तळाला राख.

म्हणजे पाणी नेलं, माती नेली, आणि घरात शिरून बी पण नेलं. हिला जाऊन सांगितलं. बिचारी आईची आठवण म्हणून जपत होती. ती माझ्याकडे बघत होती, बघत होती, मग म्हणाली, जेवून घ्या. धक्का बसलाय तिला.

३० ऑगस्ट

तक्रार अर्ज लिहिला. तीन पानं. विषय: पाणी, माती व बियाणे यांची चोरी. मॅडमच्या ऑफिसात नेऊन दिला. जाहीर पाहणी व्हावी, सगळ्या गावासमोर, अशी मागणी केलीय. दूध का दूध होऊन जाऊ दे. मॅडमनी विचारलं, काका, नक्की ना? मी म्हटलं, नक्की.

१२ सप्टेंबर

कणगीचा तळ लागला. टोपली आली. फडकं टाकून.

मी सांगितलं की चोराच्या घरचं अन्न या घरात शिजणार नाही. ही म्हणाली, बरं, मग काय शिजवू ते सांगा. मी कणगीत वाकून बघितलं. खाली पहिली रेघ दिसत होती, तिच्याखाली काहीच नव्हतं.

निषेध म्हणून अर्धंच जेवलो.

१३ सप्टेंबर

अर्धंच.

१६ सप्टेंबर

पूर्ण जेवलो. लढायला ताकद लागते.

१७ ऑक्टोबर

हे लिहायचं की नाही असं दोनदा वाटलं. लिहितो.

पाहणी झाली. अर्धं गाव शेतात. गवंडीही आला होता, त्याचं तिथे काय काम होतं कुणास ठाऊक. मॅडमनी पाणसळ आणली होती, म्हणजे पाणी भरलेली लांब पारदर्शक नळी. दोन टोकांना पाणी जिथे थांबतं ती लेव्हल. माझ्या पहिल्या बांधाच्या एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. मॅडमनी मोजलं. परत मोजलं. मग मला बाजूला बोलावून हळू आवाजात म्हणाल्या, काका, तुमची ओळ पावलामागे बोटभर उतरतेय. साठ पावलं, साठ बोटं. पूर्वेकडचं टोक पश्चिमेपेक्षा कमरेइतकं खाली आहे. पाणी कुणी नेलं नाही, तुम्हीच पाच पाट काढून दिलेत.

मी म्हटलं, फ्रेम बिघडली असेल. मॅडमनी फ्रेम मागवली, पायांची अदलाबदल केली. दोरी खुणेपासून लांब गेली. विचारलं, खूण कुठे केली होती? मी म्हटलं, घरी, फरशीवर. फिरवत नेली असती तरी चूक आपोआप कटली असती म्हणे. एका पावलाची दुसऱ्या पावलाने. तुम्ही कशी नेलीत? मी उचलून नेली म्हणालो. त्या लाल पायाकडे बघत होत्या.

फरशी बघू या, असं कोण म्हणालं ते मला माहीत आहे. गवंडी. सगळे लोक माझ्या मधल्या खोलीत. पाणसळ काढायचीही तसदी त्याने घेतली नाही. फळीवरचं लिंबू घेतलं आणि फरशीवर ठेवलं. लिंबू निघालं. कणगीच्या कोपऱ्यातून निघालं ते थेट दारापर्यंत, अजिबात घाई न करता. लोक पाय उचलून त्याला वाट देत होते. कुणी हसलं नाही. हसले असते तर चाललं असतं, मी काहीतरी उत्तर दिलं असतं.

अजून एक मुद्दा माझ्याकडे होता. मी म्हटलं, ठीक आहे, फरशीचं राहू द्या. पण बी? डब्यातलं तांबडं बी त्याच्या शेतात कसं गेलं? घरात शिरून चोरी केलीय याने.

धाकटा खाली बघायला लागला. मला वाटलं, सापडला.

तेवढ्यात ही स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, बी मी दिलं. पेरलंही मीच. वाटा करून दगडही मी आणि जाऊबाईंनी लावले.

मग माणसं एकेक करून निघून गेली. चपला शोधताना सुद्धा आवाज करत नव्हती.

१८ ऑक्टोबर

केसाने गळा कापला. भावाने नव्हे, बायकोने. सत्तावीस वर्षांचा संसार.

२० ऑक्टोबर

बोलत नाही. तिच्याशी, धाकट्याशी, भावजयीशी, मॅडमशी, गवंड्याशी. आता बोलायला गल्लीतलं एक कुत्रं उरलंय, आणि तेही धाकट्याच्या दारात बसतं.

एकटा माणूस स्वाभिमानाने जगू शकतो. उद्यापासून चहा स्वतः करणार.

२१ ऑक्टोबर

साखर कुठे असते ते सापडलं नाही. विचारता येईना.

६ नोव्हेंबर

माझी सुगी. पांढरी ज्वारी, पोती दोन. वरच्या कडेची कणसं तर चिमण्यांनीही सोडून दिली होती. कणगीत ओतली. दुसरी रेघ. वाकून बघितलं तर दुसरीच्या थोडी खालीच.

हिला शब्द दिला होता बाराचा. ती बाजूला उभी होती. रेघेकडे तिने बघितलं नाही, हे मात्र मी बघितलं.

१४ नोव्हेंबर, दुपारी

धाकटा आणि भावजय तांबड्या ज्वारीची पोती घेऊन आले. मी आतल्या खोलीत जाऊन बसलो. दार लोटून घेतलं, पण पूर्ण नाही. ओतल्याचा आवाज येत होता. खूप वेळ येत होता. धाकटा म्हणाला, वहिनी, दादाचं पाणी, दादाची माती, तुमचं बी. माझी काय ती जागा. वाटा घेणार नाही. भावजय म्हणाली, आता मला टोपली घेऊन यायला नको, हात दुखून आला होता माझा.

ते गेल्यावर मी बाहेर आलो. कणगीत बघितलं. बारावी रेघ दिसत नव्हती. ती धान्याखाली होती.

अठ्ठावीस दिवसांनी बोललो. बावीसचा रेकॉर्ड मोडल्यावर. विचारलं, जूनमध्येच कळलं होतं तर मला का सांगितलं नाहीस?

ती फडक्याने कणगीची कड पुसत होती. म्हणाली, त्या संध्याकाळी चरात उतरले तर पाणी पायाला लागून पूर्वेकडे पळत होतं. हातानेही अडेना. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही बोलणं सोडलं असतं, आणि बांध तसेच राहिले असते. फरशीच्या वेळी बघितलंय मी. घरात खायला हवं होतं. पाणी तिकडे चाललं होतं, तर बीही तिकडेच नेलं.

मी म्हटलं, म्हणजे माझा भरवसाच नव्हता.

ती म्हणाली, तुमच्या पाण्याचा होता.

हे बरं वाटावं म्हणून म्हणाली की कसं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी

जेवलो. तांबडी ज्वारी चवीला चांगली आहे. हे तिला सांगितलं नाही.

मॅडमचा निरोप होता, उन्हाळ्यात बांध परत आखू, काका, चराची तोंडंही बंद करू, फ्रेम मात्र ऑफिसची वापरू. संकल्प करायला वही उघडली होती. केला नाही.

कणगी एवढी जड याआधी कधी झाली नव्हती. दाराकडे झुकली होती आणि जुना टेकू तिच्या वजनाने सरकून बाहेर आला होता. मी खाली बसलो, खांद्याने कणगी रेटली आणि टेकू आत ढकलला. एक बोटभर कमी पडत होता. मग फ्रेमचा लाल पाय आणला, त्याचा तुकडा कापला आणि टेकूवर ठेवला. आता कणगी सरळ उभी आहे.

उठलो तर ही दारात होती. सगळं बघितलं होतं तिने. काहीतरी बोलेल म्हणून मी थोडा वेळ तसाच उभा राहिलो. तिने केरसुणी घेतली आणि लाकडाचा भुसा झाडून काढला.